कालनिर्णयला कान नसतात

अमेरिकेत 2022 साली विनाइलच्या, म्हणजे आपल्या जुन्या एलपी रेकॉर्डच्या, 4 कोटी 10 लाख प्रती खपल्या. सीडी खपल्या 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर पहिल्यांदाच तबकडीने नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकलं. बातमी वाचून जुन्याजाणत्या रसिकांनी मिशीला पीळ दिला. संगीतविक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या ‘ल्युमिनेट’ कंपनीने त्याच सुमारास दिलेला दुसरा आकडा मात्र त्यांच्या वाचनात आला नसावा. तिकडे वर्षभरात ज्यांनी रेकॉर्ड विकत घेतली, त्यांच्यापैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र होतं.

उरलेल्या निम्म्यांचं काय? ते रेकॉर्ड भिंतीला लावतात, शेल्फात उभी करतात, तिचे फोटो काढतात. नाल सापडला म्हणून घोडा विकत घेणाऱ्या माणसाला आपण पिढ्यानपिढ्या हसत आलो. हे लोक नुसते नालच घेत सुटले आहेत, आणि घोड्याचा विषय काढला की म्हणतात, जागा कुठे आहे?

आपल्याकडेही फार वेगळं नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डांचं दुकान 2016 साली बंद झालं. निरोपाला आलेले लोक एरवीही नेमाने येत राहिले असते तर निरोपाची वेळच आली नसती. पुढे ती जागा हिरेव्यापारी नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, आणि मग ईडीने जप्त केली. एका युगाचा अंत झाला, असं रसिक हळहळून म्हणाले. घरी जाऊन त्यांनी फोनवर फुकटात गाणं लावलं आणि मध्ये जाहिरात आली म्हणून चरफडले.

आमचे एक स्नेही मात्र अस्सल. त्यांच्याकडे टर्नटेबल आहे, ॲम्प्लिफायर आहे, आणि या दोघांना जोडणारी अशी एक वायर आहे जिची किंमत त्यांनी घरात अजून सांगितलेली नाही. रविवारी सकाळी ते मित्रांना ‘सेशन’ला बोलावतात. गाणं ऐकायला या, असं म्हणत नाहीत.

“डिजिटलमध्ये ऊब नाही रे,” सुई टेकवता टेकवता ते म्हणाले.

“ही खरखर कसली?”

“तीच तर ऊब!”

“धूळ असेल.”

“धूळच आहे. पण ॲनालॉग धूळ आहे.”

आतून वहिनींचा आवाज आला, “भावजी, मग ह्यांना सांगा, त्या खोलीतली धूळ मी उद्यापासून पुसणार नाही. ऊब जाईल.”

या ऊब नावाच्या प्रकाराची एकदा चौकशी करायला हवी. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी एलपी कोलंबिया कंपनीने 1948 साली आणली. सलग खाच असल्यामुळे तिच्यात जागेची मोठी अडचण. ढोलाचा, मृदंगाचा खर्ज जसाच्या तसा कोरायला गेलं तर खाच इतकी रुंद होते की एका बाजूला दोन-चार गाणीही मावायची नाहीत. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तार स्वर वाढवतात. वाजवताना ॲम्प्लिफायर हाच प्रकार उलटा करून गाणं पूर्ववत करतो. किती कमी आणि किती जास्त, याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड-व्यवसायाने 1954 साली ठरवून घेतलं. म्हणजे तबकडीवर गाणं सरळ उमटलेलं नसतंच. आधी वाकडं केलेलं, मग सरळ करून घेतलेलं असतं.

पुढची गंमत भूमितीची आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेचा घेर मोठा आणि आतला लहान. त्यामुळे पहिल्या गाण्याला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, शेवटच्याला जेमतेम 20-21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवायचा, म्हणून बाजू संपत येईल तसे तार स्वर मलूल होत जातात. सीडीला हा त्रास नाही. मोजमापांच्या कुठल्याही परीक्षेत सीडी पहिल्या वर्गात येते आणि एलपी ग्रेस मार्कांवर.

एक गोष्ट मात्र एलपीच्या बाजूने मान्य करायला हवी. नव्वदीच्या दशकापासून कंपन्यांनी सीडीवर गाणी इतकी दाबून, इतक्या मोठ्या आवाजात भरायला सुरुवात केली की हळू आणि मोठं यातला फरकच उरला नाही. तबकडीवर तसा धिंगाणा घातला तर सुई उडते. त्यामुळे काही गाण्यांची एलपी खरोखरच कानाला बरी लागते. पण तो गुण एलपीचा म्हणण्यापेक्षा दोष सीडी भरणाऱ्यांचा म्हणावा. जागा कमी असल्यामुळे अंगी येणारा संयम मुंबईतल्या भाडेकरूंनाही ठाऊक आहे. त्याला कोणी ऊब म्हणत नाही.

ऊबवाल्यांची खरी फजिती 2022 च्या जुलैत झाली. अमेरिकेत ‘मोबाइल फिडेलिटी’ नावाची कंपनी शुद्ध, सोवळ्यातल्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध आहे. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये डिजिटलचा विटाळ नाही, या श्रद्धेवर भाविक तिच्या एकेका तबकडीला भक्कम दाम मोजत. फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने शंका काढली, थेट कंपनीत जाऊन विचारलं, आणि तिथल्या अभियंत्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं की मध्ये डिजिटल फाइल असते, आणि हे आज-कालचं नाही, कैक वर्षांपासूनचं आहे. एकच हलकल्लोळ झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीवर ग्राहकांना भरपाई देण्याची वेळ आली. इतकी वर्षं त्या फायलींमधून ज्यांना ऊब येत होती, त्यांना ती त्या दिवसापासून यायची बंद झाली. कान तेच, तबकडी तीच. माहिती तेवढी बदलली.

सिनेमावाले यात मागे नाहीत. ‘ओपनहायमर’ दिग्दर्शक नोलनने फिल्मवर चित्रित केला. त्यातल्या कृष्णधवल भागासाठी कोडॅकने मोठ्या पट्टीची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच तयार केली. त्याची आयमॅक्स प्रिंट 11 मैल लांब आणि 600 पौंड वजनाची, म्हणजे सुमारे पावणेतीनशे किलोची. ती दाखवू शकणारे पडदे तेव्हा जगात 30 होते, भारतात एकही नव्हता. तरीही आपल्याकडे मध्यंतरात समोशाबरोबर ‘फिल्मचं टेक्स्चर बघितलंस का?’ अशी चर्चा रंगली. टेक्स्चर डिजिटल प्रोजेक्टरमधून आलं होतं. समोसा तेवढा अस्सल होता.

आता जुन्या काळाचं गुणगान. तेव्हा म्हणे माध्यमं निरागस होती. मग बाळकृष्ण केसकरांचं काय करायचं? हा मराठी माणूस 1952 पासून दहा वर्षं दिल्लीत माहिती आणि नभोवाणी मंत्री होता. सिनेमाची गाणी देशाची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी आकाशवाणीवर त्या गाण्यांची मुस्कटदाबी केली. देशाने काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि तिचे निवेदक अमीन सायानी घराघरांत पोचले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. तुम्ही काय ऐकावं हे आज यंत्र ठरवतं म्हणून आपण कुरकुरतो. तेव्हा मंत्री ठरवत, आणि वर तो रेडिओ बाळगण्यासाठी दरसाल पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागे.

आणि जुनं टिकतं म्हणणाऱ्यांनी एकदा वाळवीचं मत घ्यावं. नाहीतर पुण्याला विचारावं. 2003 च्या जानेवारीत इथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि सुरुवातीच्या काळातल्या सिनेमांचा मोठा ठेवा राखेत गेला. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. ही मात्र ॲनालॉगची खरीखुरी ऊब.

मग हे सगळं थोतांडच का? नाही. आकर्षण सोळा आणे खरं आहे. फक्त त्याचं कारण सांगताना लोक आवाजाकडे बोट दाखवतात, आणि खरं कारण आवाजात नाहीच. ते कानात आहे. आपल्या नव्हे, यंत्राच्या कानात.

पूर्वी म्हणत, भिंतीला कान असतात. ते बिचारे शेजाऱ्याचे असत आणि त्यांची धाव फार तर नळापर्यंत. आता कान खिशात असतात. टीव्हीला डोळे फुटले आहेत. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीच्या सुमारे 1 कोटी 10 लाख टीव्ही संचांनी समोर बसलेली माणसं काय बघतात त्याची नोंद नीट न विचारता ठेवली आणि ती माहिती विकली गेली. 2017 साली 22 लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. भागिले 1 कोटी 10 लाख करून बघा. घरटी 20 सेंट पडतात. माणसाची संध्याकाळ इतकी स्वस्त झाल्याचं ऐकिवात नाही.

गाण्यांचं ॲपही तसंच. वर्षभर आपण काय ऐकलं, रात्री किती वाजता ऐकलं, ब्रेकअपचं कुठलं गाणं पुन्हा पुन्हा लावलं, हे सगळं टिपून वर्षाअखेरीस कंपनी आपल्याच हातात ती कुंडली ठेवते. आणि पाळत ठेवल्याचा पुरावा आपण स्टेटसला लावून मिरवतो. कालनिर्णयच्या भविष्यात साऱ्या महाराष्ट्राला बारा खणांत बसवलेलं असतं. तुमच्या राशीतच तुमचा साहेब असतो आणि त्यालाही तोच धनलाभ असतो. कंपनीचं भविष्य एकेकट्याचं असतं. वाईट म्हणजे ते खरं निघतं.

दुसरं कारण मालकीचं. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. गायब झालेली पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’. विनोदी लेखकाने असा प्रसंग रचला असता तर संपादकाने ‘फार ठरवून केल्यासारखं वाटतं’ म्हणून परत पाठवला असता. पैसे परत मिळाले, कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसने माफीही मागितली. 2019 साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच गुंडाळलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे याही वेळी परत. सज्जनपणा आहेच. पण तुम्ही झोपेत असताना कोणी घरात शिरलं, कपाटातली पुस्तकं नेली आणि टेबलावर रोख रक्कम ठेवून गेलं, तर सकाळी तुम्ही त्याला सज्जन म्हणाल की पोलिसांना फोन कराल?

कागदाची आणि तबकडीची महती इतकीच. ती आपल्याकडे बघत नाहीत, आपलं ऐकत नाहीत, आणि त्यांना परत बोलावून घ्यायची सोय कोणाकडे नाही. या माध्यमांचा मोठेपणा त्यांच्या बहिरेपणात आहे.

हे सर्वांत आधी ओळखलं ते नासाने. 1977 साली व्हॉयेजर यानं सूर्यमालेबाहेर धाडताना माणसाची ओळख म्हणून काय पाठवायचं, असा प्रश्न आला. यानात डिजिटल टेपरेकॉर्डर होता. पण परक्या संस्कृतीसाठी पाठवली ती 12 इंची तबकडी. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला 16⅔ फेऱ्यांची. सोबत सुई आणि कार्ट्रिज. ॲल्युमिनियमच्या वेष्टनावर सुई कशी टेकवायची त्याचं चित्र, आणि किती वेगाने फिरवायची ते हायड्रोजनच्या अणूच्या मापात. पलीकडच्या जिवाला कुठेही लॉगिन करायला सांगितलेलं नाही. अटी मान्य आहेत का, विचारलेलं नाही. ओटीपीही नाही.

त्या तबकडीवर बाख आहे, बेथोवेन आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. प्रवासाला निघालेल्या यानात हा प्रश्न विचारणारी बंदिश बसावी, हा योगही जमून आला. व्हॉयेजर 1 निघालं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. ते यान 2012 साली आंतरतारकीय अवकाशात शिरलं. तबकडी अजून कोणी ऐकलेली नाही, पण कंपनी बंद पडली, करार संपला, तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही, असल्या कारणांवरून ती पुसली जाणार नाही एवढं नक्की. आणि हेही लक्षात घ्या, विकत घेणाऱ्या निम्म्या अमेरिकनांकडे सुई नसली तरी परग्रहवासीयांची सोय आधीच केलेली आहे.

ज्या घरांनी ॲनालॉग हा शब्दही कधी वापरला नाही, त्यांनी नासाची ही अक्कल स्वयंपाकघरात रोजची करून ठेवली आहे. जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय अजून ओट्याशेजारच्या भिंतीवर खिळ्याला लटकतं. त्याचं ॲपही आहे. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तारीख, तिथी, चंद्रोदय सगळं आहे. तरी जानेवारी आला की नवं कालनिर्णय लागतंच. का? तर 9 तारखेला दूधवाल्याचा खाडा. 14 ला सिलिंडर लावला. 17 पासून कामवाल्या मावशी गावाला. एका कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त एक फुली, जिचा अर्थ घरातल्या एकाच व्यक्तीला ठाऊक. बघायला गेलं तर हा सगळा वैयक्तिक डेटाच, आणि तो उघड्यावर लटकतोय. पण खाडा लिहिला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी दुधाच्या जाहिराती दाखवत नाही. सिलिंडर लवकर संपला म्हणून कोणी वजन कमी करण्याचे उपाय सुचवत नाही. त्या फुलीचा अर्थ लावायचा प्रयत्न तर नवऱ्यानेही सोडून दिलेला असतो.

दिवाळी अंकांचंही हेच. ‘मनोरंजन’च्या काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली पहिला काढला तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी त्यांचं मृत्युलेख-वजा संपादकीय लिहितं, आणि बहुधा दिवाळी अंकातच लिहितं. अंक जाडजूड असतो, अर्धा जाहिरातींनी भरलेला असतो. पण त्यातली बँकेची जाहिरात सगळ्यांना एकच. तुम्हाला कर्जाची गरज आहे हे तिला कुठूनही कळलेलं नसतं. आणि तो संपतो, हा तर केवढा सद्गुण! शेवटचं पान उलटल्यावर ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत कोणी बाही ओढत नाही. फार तर वाचनालयवाले अंक परत मागतात. तेही दंडासाठी.

इतकं बोलून झाल्यावर सरकारी कार्यालयांची आठवण काढली नाही तर अन्याय होईल. ॲनालॉगवर निरपेक्ष प्रेम त्यांच्याइतकं कोणाचंच नाही. अर्ज ऑनलाइन भरा, त्याची प्रिंट काढा, प्रिंटवर सही करा, सोबत दोन झेरॉक्स जोडा, झेरॉक्स खऱ्या असल्याचं लिहून द्या, आणि हे सगळं स्कॅन करून पुन्हा अपलोड करा. इथेही बहिरेपणा आहेच. फक्त तो कागदाचा नाही, खिडकीपलीकडचा आहे.

स्नेह्यांना हे सगळं ऐकवलं. बहिरेपणाचा सिद्धांत त्यांना फारच आवडला. “अगदी मनातलं बोललास,” म्हणाले. लगेच फोन काढला, फिरत्या तबकडीचा तिरपा फोटो घेतला, खाली तो सिद्धांत स्वतःच्या नावावर खपवला आणि टाकला. मिनिटभरात त्यांच्या फोनवर टर्नटेबलच्या सुयांची जाहिरात आली. दहा टक्के सवलत. वहिनींनी ती त्यांच्या आधी बघितली आणि सुईचा भाव बघून त्या वायरचाही भाव विचारला. तेव्हापासून सेशन बंद आहेत.

आता तुमच्या हातात हा छापील अंक आहे. तुम्ही हे सदर कुठल्या परिच्छेदावर सोडून शब्दकोड्याकडे वळलात, केसकरांपाशी कंटाळलात की केरकरांपाशी, हे मला कधीच कळणार नाही. मुख्य म्हणजे संपादकांनाही कळणार नाही. इतकी वर्षं हे सदर चालू आहे, त्यामागचं रहस्य एवढंच.